विमान उतरताना मुलांचे कान का ठणकतात आणि आधीपासून काय तयारी करायची

नागपूरहून मुंबईला जाणारं विमान हवेत साधारण सव्वा तास असतं. त्यातली शेवटची पंचवीस-तीस मिनिटं उतरण्यात जातात आणि मुलांचे कान दुखतात ते बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात. आपली सगळी तयारी मात्र चढतानाच संपते. सोनेगावच्या धावपट्टीवर विमान पळायला लागलं की आई बाळाला छातीशी घेते, बाबा मोठ्याच्या हातावर चॉकलेट ठेवतात. दहा मिनिटांत बाळ पोट भरून झोपतं, चॉकलेट संपतं. पुढे नाशिक यायच्या आधीच विमान खाली यायला लागतं, तेव्हा बाळ गाढ झोपेत असतं आणि पिशवीत काही उरलेलं नसतं. मग ते एकदम किंचाळत उठतं आणि विमान टेकेपर्यंत रडत राहतं.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. त्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. लागते ती वेळेची समज आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी मुलाच्या नाकाकडे दिलेलं लक्ष.

कानात काय होतं

कानाच्या पडद्यामागे हवेनं भरलेली छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात उघडते. ही युस्टेशियन नलिका. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवलेली असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, म्हणजे हजारेक फुटांवर आहे. तेव्हा आपला कान थोड्याच वेळात पाच-सात हजार फूट चढतो आणि पुन्हा उतरतो. चढताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि नळीतून आपसूक बाहेर पडते, म्हणून तेव्हा फारसा त्रास होत नाही. उतरताना उलटं होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो, नळीचं मऊ तोंड आणखी घट्ट मिटतं. आता ती आपोआप उघडत नाही, गिळूनच उघडावी लागते. आणि फार उशीर झाला तर दाबातला फरक इतका वाढतो की स्नायूंचा जोरही पुरत नाही. मग गिळूनसुद्धा दडा सुटत नाही. म्हणूनच दुखायला लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा उतरण सुरू होताच गिळणं सुरू करायचं असतं.

लहान मुलांची नळी आखूड, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. साधारण सात वर्षांपर्यंत ती मोठ्यांसारखी तिरपी होत जाते. त्यात मुलांना सर्दी वारंवार होते आणि नळीच्या तोंडाशीच असलेल्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठीही याच वयात मोठ्या असतात. शेजारच्या सीटवरच्या काकांना काहीच जाणवत नाही आणि लेकरू कळवळतं, ते यामुळे. त्याला हट्टी म्हणू नका. त्याला खरंच दुखत असतं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगता येतं. विमान उंचावर असताना पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली झाकण घट्ट लावून त्याच्या हातात द्या. उतरताना ती त्याच्या डोळ्यांदेखत चेपत जाते. मग झाकण उघडायला सांगा. हवा आत शिरते, बाटली पुन्हा फुगते. "तुझ्या कानाचं झाकण गिळल्यावर उघडतं," एवढं सांगितलं की मूल स्वतःहून घोट घ्यायला लागतं.

तिकीट काढताना

कानाच्या दृष्टीनं प्रवासाचे तास मोजू नका, विमान किती वेळा उतरणार ते मोजा. नागपूर-दिल्ली-श्रीनगर म्हणजे दोन उतरणी. थोडे पैसे वाचवायला मध्ये एक थांबा घेतला तर लहान मुलाच्या कानाला एक परीक्षा वाढते. थेट विमान मिळत असेल तर तेच घ्या.

कुठे उतरणार यानंही फरक पडतो. मुंबई, गोवा, चेन्नई, कोची समुद्रकाठची, त्यामुळे तिथे कानाला सगळ्यात जास्त खाली यावं लागतं. बंगळूर सुमारे ९०० मीटरवर, श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, तिथे उतरताना दाबातला फरक कमी असतो. लेहचा विमानतळ तर ३,२०० मीटरच्याही वर आहे, म्हणजे विमानाच्या आतल्या हवेपेक्षा उंच. तिथे उतरताना कानाला दडा बसायचं कारणच उरत नाही. (लेहला विरळ हवेचा त्रास होतो, पण तो वेगळा विषय आहे.) परत नागपूरला उतरताना मात्र पूर्ण फरक सोसावा लागतो, तेव्हा श्रीनगर-लेहला जाताना काही झालं नाही म्हणून येताना गाफील राहू नका.

आठवडाभर आधी: नाक

माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. ज्या मुलाचं नाक मोकळं, त्याची नळी उघडते. ज्याचं नाक चोंदलेलं, त्याची नळीही आतून सुजलेली असते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि नाताळच्या सुटीत हे दोन्ही एकदम जुळून येतं. घराघरात सर्दी असते आणि प्रवासही तेव्हाच ठरलेला असतो.

घरच्या घरी नाक तपासायची एक सोपी रीत आहे. स्टीलची गार, कोरडी ताटली मुलाच्या नाकाखाली आडवी धरा. तोंड मिटून त्याला नाकानं सावकाश श्वास सोडू द्या. ताटलीवर वाफेचे दोन डाग उमटायला हवेत. एकच उमटला किंवा एक अगदी पुसट असला तर त्या बाजूची नाकपुडी चोंदली आहे. दोन-तीन दिवस सकाळी पाहिलं की सुधारतंय की बिघडतंय ते कळतं. यातून नाकाचंच कळतं, कानाचं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

नाक चोंदलेलं असेल तर साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाइन ड्रॉप्स मिळतात. घरी अंदाजानं मीठ कालवून थेंब बनवू नका. बाळाला उताणं झोपवून दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब, मिनिटभर थांबा, मग शेंबूड पुसून घ्या. दूध पाजायच्या आधी आणि झोपायच्या आधी केलं तर बाळाला बरं वाटतं. मोठ्या मुलाला नाक शिंकरायला शिकवा: एक नाकपुडी दाबून दुसरीतून, हळू. दोन्ही बाजू दाबून जोरात शिंकरलं तर घाण कानाकडे ढकलली जाते.

सर्दी जोरात असेल, ताप असेल, मूल कान ओढत असेल, किंवा गेल्या पंधरवड्यात कान फुटून पाणी आलं असेल, तर प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी बालरोगतज्ज्ञांकडून किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदा पाहून घ्या. खाजगी डॉक्टर नसतील तर नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. कानाचं किंवा अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका. कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवलेली छोटी नळी असेल, तर उलट चिंता कमी. तिथून हवा सहज आत-बाहेर होते आणि दाब साठत नाही.

डॉक्टरांनी नको म्हटलं तर ऐका. मुंबईसाठी रात्रभराची दुरांतो आहे, विदर्भ एक्सप्रेस आहे, समृद्धी महामार्ग आहे. लग्नाला एक दिवस उशिरा पोहोचलेलं चालतं. मुलाच्या कानाचा पडदा त्याहून महत्त्वाचा.

सराव

विमानात पहिल्यांदाच "नाक धरून गिळ" असं सांगितलं तर पाच वर्षांचं मूल गोंधळतं. आधी घरी शिकवा. तोंडात पाण्याचा घोट, नाक चिमटीत बंद, आणि मग गिळणं. कानात हलकं "टक" झालं की जमलं. नाक धरून तोंड मिटून फुंकण्याचा जो प्रकार मोठी माणसं करतात, तो लहान मुलांना शिकवू नये असं मला वाटतं. मुलं जोरात फुंकतात, आणि सर्दी असली तर जंतू कानात जाऊ शकतात.

सरावाला आपल्याकडे उत्तम जागा आहेत. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच आहे, पचमढीही जवळपास तितकीच. घाट उतरताना गाडीतही कानाला दडे बसतात, फक्त सावकाश. तिथे मुलाला घोट घेऊन, जांभई देऊन दडा सोडवायला लावा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना एकदा जमलं की विमानात ते स्वतःहून करतं.

औषधांबद्दल

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होऊ शकतं.

"विमानात त्रास नको म्हणून सर्दीचं सिरप पाजून ने, झोपेल तरी," हा सल्ला घरोघरी मिळतो. तो मानू नका. नाक मोकळं करणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांनी लहान मुलांचं विमानातलं कानदुखणं कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. गुंगी मात्र येते. आणि गुंगीत मूल कमी गिळतं, म्हणजे जे व्हायला हवं तेच होत नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण, जे सर्दीच्या कितीतरी सिरपमध्ये असतं, ते ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं आहे.

त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली कितीतरी लेकरं याच शहरातल्या दवाखान्यांत आणली होती आणि अनेक वाचली नाहीत. तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. दीड तासाच्या प्रवासासाठी अशी बाटली घरात आणू नका. नाकात घालायचे मोठ्यांचे स्प्रेही मुलांना नकोत. मुलांसाठीचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले तरच, सांगितले तितकेच.

सर्दी असलेल्या किंवा आधी त्रास झालेल्या मुलासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून जवळ ठेवता येतं. त्यानं दाब सारखा होत नाही, वेदना कमी होते, एवढंच. द्यायचं असेल तर उतरण्याच्या आधी निदान अर्धा तास. मुंबईसारख्या छोट्या प्रवासात म्हणजे विमानात बसताना. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा, कारण घोटाळा इथेच होतो. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असेल तर १.५ मिलिलिटर द्यायचं. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं असेल तर ६ मिलिलिटर, आणि २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३ मिलिलिटर. एकाच औषधाच्या तीन बाटल्या, तीन वेगळी मापं. घरातल्या चमच्यानं देऊ नका, सिरिंज किंवा मापाचं झाकण वापरा. डॉक्टरांकडून मापाचा आकडा लिहून घ्या आणि तो बाटलीवरच चिकटवा. दोन मात्रांत किमान चार तास, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला स्वतःच्या मनानं कधीच नाही. अ‍ॅस्पिरिन तर कोणत्याच मुलाला नको.

हाताशी काय ठेवायचं

सीटखाली मावेल अशी लहान पिशवी. डोक्यावरच्या कप्प्यातलं सामान उतरताना काढता येत नाही. बाटलीतून पिणाऱ्या बाळासाठी मोजून ठेवलेली दूध पावडर आणि थर्मासमध्ये नुकतंच उकळलेलं गरम पाणी (दूध कालवून कोमट झालं की मगच पाजायचं). मोठ्या मुलांसाठी नळीचा पेला. चोखणीची सवय असेल तर ती. सलाइन थेंब, पुसायला सुती फडकं. बाळाचं दूध आणि औषधं सुरक्षा तपासणीत बाहेर काढून दाखवा, नेऊ देतात.

संत्र्याचा मोसम असेल तर चार वर्षांवरच्या मुलासाठी दोन संत्री घरूनच सोलून, बिया काढून डब्यात घ्या. एकेक फोड चोखत राहिलं की सतत गिळणं होतं. त्याहून लहान मुलाला फोड देऊ नका, रस पेल्यातून पाजा. गोळ्या, पेपरमिंट, शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांखाली अजिबात नकोत. विमान हललं की श्वासनलिकेत अडकतात. च्युइंग गम सहा-सात वर्षांपुढे, न गिळता चघळता येत असेल तरच.

विमानात

बसल्या बसल्या केबिन क्रूला सांगा: "उतरायला लागलं की आम्हाला जरा सांगाल का? लहान बाळ आहे." बहुतेक वेळा सांगतात. त्यांच्यावरच विसंबून मात्र राहू नका, कारण "उतरण्याची तयारी" ही घोषणा बऱ्याचदा उशिरा होते, तोवर विमान निम्मं खाली आलेलं असतं. घड्याळ पाहा. छापील पोहोचण्याच्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधीपासून सावध राहा. इंजिनाचा आवाज मंदावतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकतं, तुमच्या स्वतःच्या कानात हलकं काही जाणवतं. तीच वेळ.

झोपलेल्या मुलाला तेव्हा उठवा. मनाला बरं वाटत नाही हे खरं, पण झोपेत गिळणं फार कमी होतं. पाच मिनिटं आधी हळूच उठवलं तर मूल कुरकुरतं. ठणका लागून उठलं तर घाबरून उठतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला आता पाजा. चढताना थोडंसंच पाजलेलं असावं, भूक राखून ठेवायची ती यासाठी. तुमचा पट्टा आणि बाळाचा जादा पट्टा लावलेला असतानाही पाजता येतं. डोकं पोटापेक्षा उंच ठेवा. पूर्ण आडवं झोपवून बाटली दिली तर दूध त्या आडव्या नळीकडे जाऊ शकतं. बाळ खरंच गिळतंय का हे कसं ओळखायचं? हनुवटीखाली, गळ्याच्या पुढच्या बाजूला नुसतं पाहा. चार-पाच वेळा ओढलं की गळा हलतो, बारीक "क्क" असा आवाज येतो. ओठ हलतायत पण गळा हलत नाही, तर ते पेंगत चोखतंय. तळपायाला हलकं गुदगुल्या करा, गाल टिचकवा. दूध एकदम संपवू नका. मुंबईवर गर्दी असली की विमानाला घिरट्या घालाव्या लागतात आणि अर्ध्या तासाची उतरण पाऊण तासाची होते.

जोरजोरात रडणाऱ्या बाळाच्या तोंडात बाटली कोंबू नका, ठसका लागेल. आधी उभं धरा, खांद्याशी घ्या. रडतानाही बाळ आवंढे गिळतं, त्यानं कान थोडे मोकळे होतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. शांत झालं की पाजा.

एक ते चार वर्षांच्या मुलाला मिनिटा-दोन मिनिटाला एक घोट. पेला त्याच्याच हातात द्या. तुम्ही मोठ्यानं जांभई द्या, मूल हमखास देतं. त्यावरच्या मुलाला नाक धरून गिळायला लावा, दर दोन मिनिटांनी, दुखत नसलं तरी.

कापूस घालून काही होत नाही, दाबाला कापूस अडवत नाही. आवाज कमी करणारे हेडफोन मूल शांत ठेवतात, कानाचं दुखणं थांबवत नाहीत. कानात कोमट तेल तर कधीच नको, पडदा फाटलेला असेल तर ते थेट आत जातं. गरम पाण्यात भिजवलेला कागद ग्लासात घालून तो कानावर धरायचा उपाय कुणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. हलत्या विमानात मुलाचा गाल भाजायला एक थेंब पुरतो.

उतरल्यावर

कान जड वाटणं, थोडं कमी ऐकू येणं काही तासांत, कधी दिवसा-दोन दिवसांत जातं. पाणी पाजत राहा, जांभया द्यायला लावा. वाफारा देण्यासाठी गरम पाण्याचं भांडं मुलासमोर ठेवू नका.

कानातून पाणी किंवा रक्त आलं, ताप आला, चक्कर येत असेल, दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, दोन-तीन दिवसांनंतरही ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. जोरात दुखता दुखता एकदम थांबलं आणि उशी ओली दिसली तर पडदा फाटल्याची शक्यता असते. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, पण तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका, थेंब घालू नका, आणि डॉक्टरांना दाखवा.

जाताना असा त्रास झाला असेल तर परतीच्या विमानाआधी त्याच गावात कान दाखवून घ्या. नागपूरला यायला चार दिवस असतील तर तेवढ्यात सूज उतरू शकते. दुसऱ्याच दिवशी परत यायचं असेल आणि डॉक्टरांना पडदा लाल दिसत असेल, तर विमानाचं तिकीट सोडून देऊन रात्रीच्या गाडीचं बघा.